स्पेक्ट्रम प्लस, आठ महिन्यांनंतर: 32 अक्षरांत संसार बसत नाही

परवा माझ्या स्पेक्ट्रम प्लसची, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची, क्यूपासून टीपर्यंतची पाचही बटणं एकदम मेली. आर गेला म्हणजे प्रोग्राम सुरू करणारा ‘रन’ गेला, कारभार ठप्प. उघडून पाहिलं तर बटणांखालच्या मेम्ब्रेनची पट्टी पापडासारखी मोडलेली. ‘एकदम चालू कंडिशन’ म्हणून साडेचार हजार घेणारा आता फोन उचलत नाही.

गेमसाठी घेतलाच नव्हता. 1984 चं 48 के मेमरीचं मशीन, त्यावर घरचा जमाखर्च ठेवून दाखवतो, अशी आईशी पैज लागली होती. जेल रोडवरचा मेकॅनिक तेव्हाच म्हणाला, “भिया, ये तो गेम है.” मला राग आला होता.

टेपवरून पाचेक मिनिटं लोड होणं सोसलं. रंगांची सरमिसळ सोसली. अडलं ते ओळीत. पडदा 256 ठिपके रुंद, अक्षर 8 ठिपक्यांचं, म्हणजे ओळीत 32 अक्षरं. तारीख 8, जमा 8, नावे 8, मधल्या मोकळ्या जागा 3. तपशिलाला उरतात 5! रोमन लिपीत दूधवाला 9 अक्षरांचा, त्यामुळे आमच्याकडे नुसतं दूधच येतं. त्यात आकडे ठरावीक साच्यात छापणारी ‘प्रिंट युजिंग’ आज्ञा नाही, 1350.50 चं 1350.5 होतं, पैसे एकाखाली एक आणायलाच दोन रविवार गेले. स्पेक्ट्रमला जोडायचा झेडएक्स प्रिंटर मिळाला असता तरी तोही चंदेरी कागदावर 32 च अक्षरं काढतो.

मग 4 ठिपक्यांची अक्षरं करून 64 बसवली. दोन दिवस मी खूश. तिसऱ्या दिवशी आईने 8 ला 6 वाचलं आणि किराण्याच्या हिशोबात दोनशेचा घोळ झाला.

आधी मी दोष प्रोसेसरला देत होतो, तो मागे घेतो. ॲमस्ट्रॅड कंपनीच्या 1985 च्या पीसीडब्ल्यू या कॉम्प्युटरातही हाच झेड80 प्रोसेसर होता, जरासा वेगवान. पण ओळीत 90 अक्षरं, फ्लॉपी आणि सोबत प्रिंटर, म्हणून तो ऑफिसात बसला आणि आमचा टीव्हीसमोर. सिंक्लेअरने धंद्यासाठी 1984 तच क्यूएल हा कॉम्प्युटर काढला, पण तिथेही फ्लॉपीऐवजी टेपच्या चिमुकल्या मायक्रोड्राइव्ह लावून पैसे वाचवले. काटकसर मलाही कळते हो, पण जागा चुकली.

नवी मेम्ब्रेन परदेशातून मागवली, पोस्टेजसकट 2,100. तोवर हिशोब आईच्या वहीत. काल डोकावलो तर ‘दूधवाला (संध्याकाळचा)’ एका ओळीत लिहिलेलं, वर जागाही उरलेली.