काळ्या गोळ्याचा गोमाशी-सापळा: एका हंगामाचा अनुभव

गोमाश्या पकडण्यासाठी मिळणारा काळ्या गोळ्याचा सापळा मी पूर्ण एक हंगाम वापरला. गुरे उघड्यावर, उन्हात चरत असतील तर तो अवश्य घ्यावा. केवळ गोठ्यातल्या माश्यांसाठी मात्र घेऊ नये, असे माझे मत झाले आहे. तिकाटण्यावर छत्रीसारखे ताणलेले पांढरे कापड, त्याखाली दोरीने टांगलेला चकचकीत काळा गोळा आणि वरच्या टोकाला नरसाळे बसवलेली बरणी, एवढीच त्याची रचना आहे. त्याला ना विष लागते, ना वीज.

अंड्यांच्या वाढीसाठी रक्त शोधणाऱ्या गोमाशीच्या मादीला जनावराच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड व ऑक्टेनॉल आणि मूत्रातील फिनॉलवर्गीय द्रव्ये लांबून माग दाखवतात. जवळ आल्यावर मात्र तिची भिस्त डोळ्यांवर असते आणि गडद, हलणारी, उबदार वस्तू तिला जनावरच वाटते. गडद, चकचकीत पृष्ठभागावरून परतणारा ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाशही तिला खेचून घेतो. (जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवून केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चावऱ्या माश्यांचे बसणे जवळपास निम्म्याने घटले होते.) वाऱ्याने हलणारा आणि उन्हाने तापणारा गोळा ही सगळी लक्षणे एकत्र आणतो. मी जवळ उभा राहून पाहिले: माशी गोळ्याभोवती दोन घिरट्या घालून बसली, थोडी चालली आणि चावायला काही न मिळाल्याने सरळ वर उडून कापडात शिरली. तिची ही वर उडण्याची सवयच तिला बरणीत नेते.

माझी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यात सापळा गोठ्याजवळ लावा एवढेच लिहिले आहे, उन्हाचा उल्लेखही नाही. त्यामुळे पहिला आठवडा तो सावलीत राहिला, गोळा हाताला गार लागत होता आणि बरणी जवळजवळ रिकामी होती. तोच सापळा कुरणाच्या कडेला, मोकळ्या उन्हात हलवल्यावर दुपारपर्यंत बरणी घोंघावू लागली.

पारख करताना हवामान लक्षात घ्यावेच लागते. उकाड्याच्या, वारा पडलेल्या दुपारी गाई एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, कातडी सतत थरथरवतात, आणि सापळ्यातही तेव्हाच सर्वाधिक माश्या मिळतात. जोराचा वारा, पाऊस किंवा थंड सकाळ असेल तर बरणी रिकामी राहते, परंतु त्या वेळी गुरेही शांत असतात. अशा दिवसांवरून सापळा निकामी ठरवणे चुकीचे होईल.

‘सर्व माश्यांवर उपाय’ हा विक्रेत्याचा दावा मात्र मला मान्य नाही. गुरांच्या पायांना चावणारी, घरमाशीसारखी दिसणारी गोठ्यातली माशी माझ्या सापळ्यात क्वचितच सापडली. ती ओल्या, कुजलेल्या चाऱ्यात व शेणात वाढते, त्यामुळे तिथे सफाईच करावी लागते.

गोळ्यावर धूळ बसली की चकाकी जाते, म्हणून तो दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसावा. बरणीचे झाकण फार घट्ट आहे. उत्पादकाने ते बदलले, तर एका हाताने बरणी रिकामी करता येईल.