यूजर स्टोरी कार्यशाळा: दोन दिवस सार्थकी लागले
बारा वर्षं मी आयईईई ८३० या मानकाच्या साच्यात एसआरएस, म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं हे सविस्तर मांडणारे दस्तऐवज, लिहिले. अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) म्हणजे कागदाला सुट्टी, असाच समज होता. या कार्यशाळेने तो पार पुसला. प्रशिक्षकांनी माझंच एक वाक्य फळ्यावर घेतलं: 'प्रणाली चुकीचा पासवर्ड हाताळेल.' हाताळेल म्हणजे काय? किती वेळा चुकल्यावर खातं बंद? परत उघडणार कोण? तासाभरात त्या एका ओळीतून चार यूजर स्टोरी (वापरणाऱ्याला काय हवं ते त्याच्याच नजरेतून सांगणाऱ्या छोट्या नोंदी) आणि अकरा स्वीकृती निकष (काम पूर्ण झालं हे ठरवणाऱ्या अटी) निघाले. टेस्टरला हेच तर हवं असतं! (२००१च्या अ‍ॅजाइल जाहीरनाम्यातही कागदपत्रं नकोतच असं म्हटलेलं नाही; चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलंय, इतकंच.) ट्रेसेबिलिटीचा, म्हणजे प्रत्येक गरजेचा चाचणीपर्यंत माग ठेवण्याचा, भाग मात्र घाईत उरकला. ऑडिट होणाऱ्या प्रकल्पात कुठली गरज कुठल्या चाचणीत तपासली हे दाखवावंच लागतं. त्याला अर्धा दिवस तरी द्यायला हवा होता.