नजर कुठे खिळते, तोच क्लास: फायनल फँटसी १४मधले नऊ महिने

नऊ महिन्यांपूर्वी फायनल फँटसी १४ हा ऑनलाइन खेळ सुरू केला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती: क्लास, म्हणजे लढाईतली आपली भूमिका, चुकला तर मागे फिरता यावं. त्याआधी दुसरा एक ऑनलाइन खेळ मी वर्षभर खेळले होते. तिथे पहिल्याच पडद्यावर क्लास निवडायचा आणि तो कायमचा. मी धनुर्धारी निवडली, कारण चित्र आवडलं. बऱ्याच उशिरा कळलं की मला बाण मारण्यापेक्षा पार्टीतल्या, म्हणजे सोबत लढणाऱ्या गटातल्या, लोकांना जिवंत ठेवायला जास्त आवडतं. हीलर, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारा, व्हायचं तर नवं पात्र, नवं नाव, सगळी कथा पहिल्यापासून. ते मला जमलं नाही आणि खेळ सुटला. वर्षभराची सोबतही त्याबरोबर सुटली, त्याचं वाईट अजून वाटतं.

फायनल फँटसी १४मध्ये हातातलं हत्यार बदललं की क्लास बदलतो. पुस्तक घेतलं की आर्केनिस्ट, तलवार-ढाल घेतली की ग्लॅडिएटर. ३०व्या लेव्हलपाशी त्या क्लासचा ‘जॉब’ होतो: ग्लॅडिएटरचा पॅलडिन, आर्केनिस्टचे तर दोन, समनर आणि स्कॉलर. प्रत्येकाची लेव्हल वेगळी साठते, पण पात्र तेच राहतं; नाव, ओळखीपाळखी, पूर्ण केलेली कथा, कशालाही धक्का लागत नाही. २०२४मध्ये डॉनट्रेल हे खेळाचं नवं पर्व आलं, वायपर आणि पिक्टोमॅन्सर वाढले, आणि लढाईचे जॉब २१ झाले. ब्लू मेज हा मर्यादित जॉब त्यात धरलेला नाही. कारागिरीचे आठ आणि गोळा करण्याचे तीन क्लास आहेत, त्यांना मी फारसा हात लावलेला नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही.

पहिले दोन महिने मी सगळ्यांना हेच सांगत होते की चांगली क्लास पद्धत म्हणजे मोकळीक. आज तसं म्हणणार नाही. मोकळीक लागतेच, पण ती दरवाजासारखी. आत काय आहे ते वेगळंच. १९९७च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये क्लासच नव्हते. कौशल्यांना मिळून ७०० गुणांची मर्यादा होती आणि ते कुठे खर्चायचे ते खेळाडूने ठरवायचं. तरी लोकांनी ठरावीक साचे बनवलेच, त्यांना नावं दिली, ‘टँक मेज’ हे त्यातलंच. क्लास काढून टाकला तरी माणसं तो परत तयार करतात, कारण समोरचा काय करणार आहे हे एका शब्दात कळावं लागतं. अनोळखी चार जण अंधाऱ्या गुहेत शिरतात तेव्हा हा एक शब्द फार मोठं काम करतो.

माझं आताचं मत स्कॉलर खेळताना बनलं. स्कॉलर हा हीलर आहे, पण जखम झाल्यावर भरून काढणं हे त्याचं मुख्य काम नाही. अड्लोक्वियम मारला की समोरच्यावर ३० सेकंदांचं कवच चढतं. ते फटका बसायच्या आधी चढायला हवं, नंतर चढवलं तर अर्धी मेहनत फुकट. म्हणजे मला बॉसचे, मुख्य शत्रूचे, हात बघत बसावं लागतं. शेजारचा व्हाइट मेज पार्टीच्या जीवनपट्ट्या बघत असतो आणि त्या खाली येताच भरतो. काम एकच, नजर दोन ठिकाणी. २०२१च्या एंडवॉकरपासून खेळानेच हीलरचे असे दोन गट केले, शुद्ध उपचारवाले आणि कवचवाले, आणि हे मला त्या पर्वातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं.

त्यावर एथरफ्लो. दर ६० सेकंदांनी तीन ठिपके मिळतात. एका ठिपक्यात लस्ट्रेट मारून कुणाला तरी झटक्यात वाचवता येतं, सेक्रेड सॉइलने सगळ्यांभोवती संरक्षणाचं वर्तुळ आखता येतं, नाहीतर एनर्जी ड्रेनने शत्रूला मारता येतं. पुन्हा भरायच्या आत वापरले नाहीत तर उरलेले वाया. कागदावर हे साधं गणित आहे. लढाईत मात्र दर मिनिटाला स्वतःला विचारावं लागतं: माझा या टँकवर, म्हणजे शत्रूचे फटके स्वतःवर घेणाऱ्यावर, विश्वास आहे का? असेल तर ठिपके एनर्जी ड्रेनमध्ये घालवायचे. नसेल तर एक राखून ठेवायचा आणि शेवटच्या दहा सेकंदांत काळजावर दगड ठेवून मोडायचा. शॅडोब्रिंगर्स पर्व आलं तेव्हा सुरुवातीला स्कॉलरकडून एनर्जी ड्रेन काढून घेतलं होतं आणि मग लवकरच परत दिलं. आकड्यांत ती छोटी गोष्ट असेल. पण ते नसेल तर ठिपका राखण्याला काही किंमतच उरत नाही, मोह असेल तरच राखण्याला अर्थ. क्लास घडवणारी माणसं अशा एका बटणात किती जीव ओततात हे मला त्या तीन ठिपक्यांनी शिकवलं.

चौथ्या महिन्यात मी टँक घेतला, पॅलडिन. भीती वाटत होती. हीलर चुकला तर कधीकधी कुणाच्या लक्षातही येत नाही, टँक चुकला की सगळे जमिनीवर. पहिल्या आठवड्यात मी घाबरून बचावाची सगळी कौशल्यं एकदम वापरायचे आणि पुढच्या झुंडीसमोर रिकाम्या हाताने उभी राहायचे. रॅम्पार्ट २० सेकंद टिकतं आणि ९० सेकंदांनी परत येतं. मधल्या ७० सेकंदांत काय करायचं, हा खरा टँकचा अभ्यास. तो समजला तशी नजर पार बदलली. आता मी समोरचा शत्रू बघत नव्हते, पुढच्या वळणावरचा बघत होते. हीलर मागे पडला का, त्याचं मॅना, म्हणजे जादूची शक्ती, किती, बॉसचं तोंड पार्टीकडे तर नाही ना. तोच डन्जन, म्हणजे शत्रूंनी भरलेली गुहा, तेच चार जण, मीही तीच, आणि तरी जणू मी तिथे पहिल्यांदाच आले होते.

टँकचे जॉब एकमेकांपासून कसे वेगळे ठेवलेत ते मरणाच्या दारात दिसतं. टँकच्या चारही जॉबकडे शेवटचा उपाय आहे आणि तो साधारण दहा सेकंद तारतो. पॅलडिनला हॅलोड ग्राउंडमध्ये फटका लागतच नाही, म्हणून तो ४२० सेकंदांनी परत मिळतो. वॉरियरचं होल्मगँग फक्त जीव जाऊ देत नाही, जखमा होतच राहतात, म्हणून ते २४० सेकंदांत परत. डार्क नाइट तर आधी पडायला हवा, मग उठून चालतो. बाजूला बसलेल्या हीलरला या प्रत्येकासाठी वेगळं वागावं लागतं. माझ्या मते चांगल्या क्लासची ही पक्की खूण: तो बदलला की शेजारच्याची लढाईही बदलते.

याच मापाने एक गोष्ट मला खुपते. वॉरियर झुंडीत शिरला की स्वतःच्याच वारांनी इतका भरून निघतो की चार जणांच्या डन्जनमध्ये हीलरला करण्यासारखं थोडंच उरतं. वॉरियर खेळणाऱ्याला ते छान वाटतं, मलाही वाटलं. पण ती मजा दुसऱ्याच्या कामातून कापून आणलेली आहे. २०१२च्या गिल्ड वॉर्स २ने प्रत्येक क्लासला स्वतःचा उपचार दिला आणि वेगळा हीलर ठेवलाच नाही. कुणाची वाट बघत बसावं लागू नये, हा हेतू चांगला होता. पण २०१५मध्ये मोठे रेड, म्हणजे अनेकांनी मिळून लढायच्या अवघड लढाया, आले तेव्हा रेंजरला ड्रुइड हा उपचारांचा मार्ग द्यावा लागला. एकमेकांची गरज काढून टाकली की लढाई सोपी होते आणि एकटीही होते.

गरज सुंदर कशी दाखवावी ते डान्सरमध्ये बघा. हा जॉब ६०व्या लेव्हलपासून सुरू होतो, २०१९च्या शॅडोब्रिंगर्समधला. लढाईआधी पार्टीतला एक जण जोडीदार म्हणून निवडायचा. मग माझ्या नाचाचा बफ, म्हणजे बळ वाढवणारा परिणाम, त्याच्यावर चढतो, आणि त्याच्या वारांतून माझी शक्ती भरते. स्टँडर्ड स्टेपमध्ये दोन पावलं, टेक्निकल स्टेपमध्ये चार, क्रम दरवेळी वेगळा. माझा स्वतःचा मारा बेताचाच, पण जोडीदार सामुराई असेल आणि त्याचा मोठा वार माझ्या बफमध्ये बसला, तर तो आनंद मला माझ्या कुठल्याही वाराने दिलेला नाही. कितीतरी अनोळखी लोकांनी डन्जन संपल्यावर जोडीदार निवडल्याबद्दल आभार मानलेत. एका बटणाने दोन माणसांत बोलणं सुरू होतं.

मात्र बफवरूनच या खेळातला मोठा दोष दिसतो. पार्टीला बळ देणारी बहुतेक कौशल्यं आता १२० सेकंदांनी परत येतात, त्यामुळे सगळे जॉब दर दोन मिनिटांनी एकाच वेळी उसळतात. सगळ्यांना एकत्र जमवायला हे सोपं. पण मधल्या काळात सामुराई काय आणि रीपर काय, साठवतच बसलेले असतात. ताल एक झाला की नजरही एक होते. दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी पुढच्या ८.० पर्वाच्या संदर्भात जॉबची ओळख ठळक करण्याबद्दल जाहीरपणे बोलून दाखवलंय, त्याची मी मनापासून वाट बघतेय. काम सोपं नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००४ला दोन विरोधी बाजूंपैकी शमन फक्त होर्डकडे आणि पॅलडिन फक्त अलायन्सकडे होता. ओळख याहून ठळक काय असणार! पण दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणं अवघड, आणि २००७च्या बर्निंग क्रुसेडने दोन्ही क्लास दोघांना देऊन टाकले. उलट बाजूचं उदाहरण स्टार वॉर्स गॅलक्सीजचं. २००५च्या शेवटी तिथले तीसहून अधिक व्यवसाय मोडून नऊ क्लास केले. लोकांनी महिनोन्महिने घडवलेली माणसं एका अपडेटमध्ये नाहीशी झाली. क्लास दुरुस्त करताना त्यात कुणीतरी राहतंय हे विसरून चालत नाही.

अजून एक अडचण, नव्यांना सांगायलाच हवी. जुन्या डन्जनमध्ये गेलं की लेव्हल खाली आणली जाते आणि वरची कौशल्यं गायब होतात. ४५च्या खाली स्कॉलरकडे एथरफ्लोच नसतो. म्हणजे ज्यासाठी हा जॉब घ्यावा तेच सुरुवातीला दिसत नाही, आणि कित्येक जण तिथेच कंटाळून सोडतात. जॉबचा आत्मा पहिल्या १५ लेव्हलमध्ये, छोट्या रूपात का होईना, हाताला लागायला हवा.

सुरू करायचं असेल तर मोफत चाचणी ७०व्या लेव्हलपर्यंत आहे, वेळेचं बंधन नाही. त्यात डान्सर मिळणार नाही, पण टँक, हीलर आणि मारा करणारा एकेक जॉब घेऊन एकच डन्जन तिन्ही वेळा करून बघा. मी सध्या सेज घेतलाय, हाही कवचवाला हीलर. कार्डिया लावला की मी शत्रूला मारते आणि त्यातूनच टँक भरत जातो. काल पहिल्यांदा असं झालं की पूर्ण बॉसभर मी जीवनपट्ट्यांकडे एकदाच बघितलं, आणि कुणी पडलं नाही.