बोर्ड बुक घेताय? आधी जोड बघा (नऊ महिन्यांच्या वापरानंतर)

चौथ्या बोर्ड बुकाची (बाळांसाठीचं जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक) पानं जोडातून सुटली, म्हणून हे लिहायला घेतलं. चित्रं, रंग, गोल कोपरे यावर सगळे बोलतात, जोडाकडे कुणी बघत नाही. बहुतेक बोर्ड बुकांना शिलाई नसते. छापलेलं जोडपान (समोरासमोरची दोन पानं) मधोमध दुमडून त्याची पाठ पुढच्या जोडपानाच्या पाठीला चिकटवलेली असते. बाळ कोपरा चोखतं, लाळ कडेतून आत शिरते, पुठ्ठा फुगतो आणि थर सुटतात.

दुकानातच प्रत्येक जोडपान सपाट उघडा. घडीत पांढरी रेघ दिसली तर रंग तडकलाय, ते पुस्तक घेऊ नका. घरातल्या पुस्तकाची कड सुटली असेल तर ती आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, उन्हात नको, पुठ्ठा वाकतो. ओल राहिली तर आत बुरशी धरते. मग काडीने फेव्हिकॉलचा अगदी पातळ थर, दोन्हीकडे बटर पेपर, वर जड वजन, 24 तास. चिकटपट्टी लावूच नका, लाळेने सुटते आणि तुकडा थेट तोंडात जातो. स्टेपलर तर अजिबात नको.

कापडी पुस्तकांना सुरुवातीला मी दोनच तारे दिले होते. आता चार. दात येताना चावायला कापडी, मांडीवर बसून वाचायला पुठ्ठ्याचं, अशी वाटणी केली की दोन्ही टिकतात. फक्त आत स्पंज असलेलं घेऊ नका. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. झडपांची (झडप उचलून खालचं चित्र बघायची) पुस्तकं बाळ वर्षाचं व्हायच्या आत घेणं म्हणजे पैसे वाया. झडप पातळ कागदाची, पहिल्याच ओढीत हातात येते.

मजकूर दुकानातच मोठ्याने वाचून बघा. 'हे एक लाल सफरचंद आहे' असं घरात कोण बोलतं? 'मनी कुठे गेली? ही बघ!' असं वाक्य शंभरदा वाचलं तरी जिभेला जड होत नाही. अशी मराठी बोर्ड बुकं फार थोडी मिळतात, ही खरी खंत.

त्यावर स्वस्त उपाय आहे. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर (2015 पासून) मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात. पहिल्या पातळीची, पानाला एखाद-दुसरं वाक्य असलेली गोष्ट निवडा. जाड कार्डशीटवर छापा, लॅमिनेट करा, डावीकडे दोन भोकं पाडून आखूड सुती नाडीने बांधा. लॅमिनेशनचे कोपरे टोचतात, ते कात्रीने गोल करा. कागदाच्या कडेबाहेर मात्र 3-4 मिलिमीटर प्लास्टिक राहू द्या, नाहीतर लाळ इथेही आत शिरते.