सॅन अँटोनियो की ला पुरिसिमा?

सॅन होजेहून १०१ हायवेनं लॉस एंजेलिसला निघालात आणि वाटेत एखादंच जुनं स्पॅनिश मिशन (स्पॅनिश पाद्र्यांनी धर्मप्रसारासाठी वसवलेलं ठाणं) बघायला सवड असेल, तर माझ्या मते निवड या दोघांतून करा. कॅलिफोर्नियात अशी २१ मिशनं आहेत, पण बरीचशी आता शहरात अडकलीत.

सॅन अँटोनियो दे पादुआ हे १७७१ साली स्पॅनिश पाद्री हुनिपेरो सेरा यांनी स्थापलेलं तिसरं मिशन. किंग सिटीला हायवे सोडला की साधारण पाऊण तास आत. भोवती फोर्ट हंटर लिगेटची लष्करी जमीन असल्यामुळे ओकच्या झाडांनी भरलेल्या त्या दरीत वस्ती वाढलीच नाही. कौलं गेल्यावर इथल्या कच्च्या विटांच्या भिंती पावसात विरघळल्या. १९०३ ला डागडुजी सुरू झाली, १९०६ च्या भूकंपात पुन्हा पडझड झाली, आणि चौक नीट उभा राहिला तो १९४८ नंतर. दर्शनी भिंत मात्र भाजक्या विटांची. तीन कमानी, वर तीन घंटा. जवळ जाऊन त्या विटा जरूर बघा. आजही इथं प्रार्थना होते, त्यामुळे आत आवाज जपून.

लोम्पोकजवळची ला पुरिसिमा १७८७ ची. १८१२ च्या भूकंपात मूळ जागा उद्ध्वस्त झाल्यावर ती आजच्या ठिकाणी हलवली. आज दिसतं ते बहुतेक बांधकाम १९३४ पासून सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी जुन्याच पद्धतीनं, हातानं विटा पाडून उभारलेलं. चर्चमध्ये बाकं नाहीत, कारण तेव्हाही ती नसत. विणकामाची खोली, कोठारं, गोठ्यात जनावरं, पोरं रमतात. मिशनांची दुसरी बाजूही इथं जास्त उघड समजते: १८२४ मध्ये मिशनात राबणाऱ्या इथल्या मूळच्या चुमाश लोकांनी फटक्यांच्या शिक्षेला विटून बंड केलं आणि हे मिशन जवळपास महिनाभर ताब्यात ठेवलं. हे वाचल्याशिवाय परत फिरू नका. सॅन अँटोनियोतही राबले ते तिथले मूळचे सालिनन लोकच.

मुलं बरोबर असतील किंवा वेळ कमी असेल, तर ला पुरिसिमा. अर्धा दिवस हाताशी असेल तर माझं मत ठामपणे सॅन अँटोनियोला, आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये, दरी हिरवी असताना. पेट्रोल किंग सिटीतच भरा, नकाशा फोनमध्ये आधी उतरवून घ्या. जुलै-ऑगस्टात मात्र त्या दरीत दुपारी अक्षरशः भाजून निघाल. तेव्हा ला पुरिसिमाच बरी, लोम्पोकला समुद्राचा वारा पोचतो.