भिंतीवरचा मानवी इतिहास : एका नकाशाचे परीक्षण
मानवी स्थलांतरे, युद्धे आणि लोकसंख्यावाढ एकाच पटावर मांडणाऱ्या या नकाशात आफ्रिकेतून निघालेले बाण आशिया ओलांडून, एकेकाळी आशिया आणि अमेरिका जोडणाऱ्या बेरिंगच्या भूपट्टीवरून अमेरिकेत उतरतात, ते न्याहाळताना वेळेचे भान राहत नाही. खालच्या आलेखातील लोकसंख्येची रेषा १३४७ ते १३५१च्या प्लेगपाशी खचते, १८०४च्या सुमारास शंभर कोटींवर येते आणि २०२२मध्ये आठशे कोटींना भिडताना जवळजवळ चौकटीबाहेर जाते. युद्धांना मात्र सरसकट लाल ठिपका दिल्याने १६१८ ते १६४८ एवढे लांबलेले युरोपातील तीस वर्षांचे युद्ध आणि दिवसभराची चकमक सारखीच दिसते. त्याहून खटकते ते हे, की जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलेल्या सव्वा कोटी आफ्रिकींच्या सक्तीच्या प्रवासालाही साध्या स्थलांतराचाच निळा रंग आहे. कागद जाड आहे. घड्यांवरची अक्षरे लवकर पुसट होतात.