लॅनयार्ड आला, कार्ड नाही: रग्बी लीग क्लबच्या मेंबरशिपचा एका मोसमाचा अनुभव

मंगळवारी सकाळी सव्वासहाला बँकेचा मेसेज आला. 64 डॉलर वजा. चहा गॅसवर होता, तो उतू गेला. पुढच्या मोसमाच्या मेंबरशिपचा पहिला हप्ता होता तो. मी ती घेतलीच नव्हती. शोधलं तर तीन आठवड्यांपूर्वीची ईमेल सापडली, पिझ्झाची ऑफर आणि बुटांचा सेल यांच्या मधोमध. वर सगळ्या टीमचा फोटो, ‘तुम्ही आमचं कुटुंब आहात’ छापाचा मजकूर, आणि चौथ्या परिच्छेदात, बारीक अक्षरात, की अमुक तारखेपर्यंत नको म्हणालं नाहीत तर मेंबरशिप आपोआप पुढे चालू राहील. कुटुंबात असं न विचारता पैसे घेतात हे खरं, पण ते आमच्याकडे धाकटा भाऊ घेतो.

राग आल्याशिवाय मी लिहीत नाही हे ओळखीचे लोक जाणतात. तरी प्रयत्न करतो सरळ लिहायचा.

क्लबचं नाव लिहीत नाही. सिडनी आणि आसपास मिळून एनआरएलचे, म्हणजे इथल्या रग्बी लीगच्या सगळ्यात वरच्या स्पर्धेचे, नऊ क्लब आहेत, त्यातला एक समजा. नाव घेतलं की गाडी निकालांवर जाते आणि मला बोलायचंय ते मेंबरशिपबद्दल. तेरा खेळाडू, चेंडू सोडण्याआधी सहा टॅकल म्हणजे पकडी, हे सगळं इथे राहणाऱ्यांना आता माहीत आहे. मला स्वतःला हा खेळ कबड्डीमुळे कळला. पकड, दम, आणि ‘अजून एक फूट पुढे सरकला असता तर’ ही हळहळ दोन्हीकडे सारखीच.

आम्ही 2025 च्या मोसमासाठी फॅमिली मेंबरशिप घेतली. मी, बायको आणि नऊ वर्षांचा चिरंजीव. गोलपोस्टच्या मागे, कोपऱ्यातल्या भागात तीन राखीव खुर्च्या, दहा हप्त्यांत 640 डॉलर. घरच्या अकरा मॅच. प्रत्येक टीम 24 सामने खेळते, म्हणजे घरचे बारा हवेत ना? बारावा ब्रिस्बेनला. मॅजिक राउंड नावाचा प्रकार आहे, त्यात एका वीकेंडला जवळजवळ सगळ्या टीम ब्रिस्बेनच्या एकाच मैदानावर खेळतात, आणि त्यातल्या निम्म्यांना आपली घरची मॅच तिथे द्यावी लागते. यंदा आमची पाळी. नऊशे किलोमीटरवरच्या घरी जायला आम्हाला जमलं नाही.

फेब्रुवारीत मेंबर पॅक आला. बाहेर 35 डिग्री आणि खोक्यातून निघाला लोकरीचा स्कार्फ. असो, थंडीत उपयोग झाला. टोपी बरी, पण माझ्या डोक्याला घट्ट. गाडीला लावायचे दोन स्टिकर. आणि तीन लॅनयार्ड.

आता मुद्द्यावर येतो. लॅनयार्ड म्हणजे गळ्यात अडकवायची पट्टी, क्लबच्या रंगाची, खाली पारदर्शक प्लास्टिकचा खिसा. तो खिसा मेंबरशिपचं कार्ड ठेवायला असतो. कार्ड मात्र नाही! कार्ड आता फोनमध्ये असतं. तिघांची तीन कार्डं माझ्या एकट्याच्या फोनमध्ये. म्हणजे खिसा पाठवला, पण त्यात घालायची वस्तू बंद केली आणि हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

क्षुल्लक वाटतं ना? मलाही वाटलं असतं. पण पहिल्या मॅचला पोरगा सकाळपासून तो लॅनयार्ड गळ्यात घालून घरभर फिरत होता. गेटवर मी फोन दाखवला, तीनदा टिंग वाजलं. तिथला उंचापुरा माणूस हसून त्याला म्हणाला, मेंबर साहेब, तुमचा पास? पोराने मोठ्या अभिमानाने रिकामा खिसा वर धरला. मग त्याच्या लक्षात आलं की आत काहीच नाही, आणि त्याने तो हळूच टीशर्टच्या आत टाकला. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. आमच्या नाशिकच्या गल्लीत गणपतीला एक्कावन्न रुपये वर्गणी दिली तरी पावतीवर नाव लिहून मिळायचं. पावती फाडणारा पोरगा नाव चुकवायचा, तरी लिहायचा. इथे 640 डॉलर देऊन मुलाचं नाव छापलेला चिटोरा नाही.

फोन केला. म्हणाले, प्लास्टिक कमी करतोय, पर्यावरणासाठी. म्हटलं, मग लॅनयार्ड काय केळीच्या पानाचा आहे? समोरची व्यक्ती मनापासून हसली आणि ‘तुमचा फीडबॅक पुढे पाठवते’ म्हणाली. मार्च, एप्रिल, मे, दर महिन्याला मी तोच फीडबॅक दिला. बायको म्हणते कार्डाचं वेड मुलाला नव्हतं, मला होतं. असेल.

दुसरं दुखणं शुक्रवार संध्याकाळी सहाच्या मॅचचं. टीव्हीला शुक्रवारी लागोपाठ दोन सामने हवे असतात, एक सहाचा आणि एक आठचा. सहाचा वाट्याला आला की संपलं. ऑफिस शहरात, शाळेनंतरच्या केंद्रातून पोराला घ्यायचं, मग गाडी, मग पार्किंग. पोचेपर्यंत हाफटाइम. यंदा आमच्या वाट्याला असे तीन आले. यातली गंमत म्हणजे हा खेळ जन्मालाच मुळी या भांडणातून आला. 1895 मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमून वेगळी चूल मांडली, कारण खेळापायी बुडालेली गिरणी-खाणकामगारांची मजुरी भरून द्यायला जुनी संघटना तयार नव्हती. नोकरदाराची अडचण ओळखून सुरू झालेला खेळ, आणि मॅच शुक्रवारी सहाला.

हिशोब करूनच टाकू. अकरा मॅच गेलो असतो तर तिघांना मिळून एका मॅचला 58 डॉलर. आम्ही गेलो सहा. म्हणजे 107 डॉलर. त्याच कोपऱ्यातली तीन तिकिटं मॅचच्या आठवड्यात 75 च्या आसपास मिळत होती, मी स्वतः बघितलं. तेव्हा मैदानापासून लांब राहत असाल आणि शुक्रवारी चारला ऑफिसातून निघता येत नसेल, तर तिकिटांसाठी मेंबरशिप घेऊ नका. सुटी तिकिटं काढा. हे मत जूनमध्येच लिहून ठेवलं होतं, तेव्हाच टाकणार होतो. मग काही गोष्टी घडल्या.

पण त्याआधी मेंबर या शब्दाबद्दल. मला वाटलं होतं मेंबर म्हणजे सभासद, आणि सभासद म्हणजे वार्षिक सभा, हात वर करणं, अहवालावर भांडण, शेवटी वडा आणि चहा. तसं नाही. आमच्या क्लबात सीझन तिकिटाच्या मेंबरला मत नाही. मत आहे लीग्ज क्लबच्या सभासदांना. लीग्ज क्लब म्हणजे तीच ती भली मोठी इमारत, आत स्वस्त जेवण, बार आणि पोकर मशीनच्या, म्हणजे जुगाराच्या यंत्रांच्या रांगा. न्यू साउथ वेल्समध्ये 1956 पासून क्लबांना ही यंत्रं ठेवायची परवानगी आहे आणि त्या पैशावर कित्येक टीम पोसल्या गेल्या. लीग्ज क्लबची वर्गणी वर्षाला दहा डॉलरच्या आत. म्हणजे दहा डॉलरवाला संचालक निवडणार आणि 640 वाला स्कार्फ घालणार. मी लगेच तिथला सभासद झालो. मताचा हक्क मिळायला अजून काही वर्षं आहेत, पण जेवणावर सूट पहिल्या दिवसापासून, आणि कार्ड मिळालं. प्लास्टिकचं. नावासकट!

जुलैत आम्ही ओळीने चार हरलो. बुधवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. आवाज तरुण, जरासा अडखळत. नमस्कार, मी क्लबकडून बोलतोय, तुम्ही मेंबर आहात म्हणून आभार मानायला... मी म्हटलं, मला काही नको, आणि कापला. इथे रोज असे दोन येतात. एक टॅक्सवाल्यांच्या नावाने, एक सोलरवाला. पाच मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. या वेळी जरा जोरातच कापला.

शनिवारी क्लबने व्हिडिओ टाकला. खेळाडू एका खोलीत बसून मेंबरांना फोन करतायत, यादी समोर ठेवून. आणि त्यात आमच्या चिरंजीवांचा सगळ्यात लाडका, ज्याच्या नंबरची जर्सी घालून तो झोपतो तो विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू, कॅमेऱ्याकडे बघून खांदे उडवत सांगतोय की एकाने माझा फोन दोनदा कापला. हसले सगळे. तो एक म्हणजे मीच, हे सिद्ध करता येणार नाही. पोराने मात्र माझ्या फोनमधली वेळ बघितली आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हा क्लबला एक सूचना: आधी मेसेज टाका की फोन येणार आहे. आणि हरल्यावर फोन करायची कल्पना ज्याची असेल त्याला शंभर मार्क. जिंकल्यावर आभार कुणीही मानतं.

ऑगस्टमध्ये रविवारी दुपारी दोनची मॅच. ऊन, वारा, गवत ओलं. जिंकलो. संपल्यावर मुलांना मैदानात सोडतात, ज्याला त्याला आपापला चेंडू लाथाडू देतात. मेंबर-बिगरमेंबर असं काही नाही, पैसेही नाहीत. मी कुंपणाशी उभा होतो. तोच विंगर सगळ्या पोरांशी बोलत बोलत येत होता, एका खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. आमच्यापाशी आला. पोरगा गप्प, तोंडातून शब्द नाही, नुसता लॅनयार्डशी चाळा. विंगरने मनगटावरची पांढरी पट्टी दातांनी सोडवली, गुंडाळी केली आणि याच्या हातात दिली. घामट, चिखलाने तपकिरी झालेली, आतल्या बाजूला बॉलपेनने कुणाचं तरी नाव लिहिलेलं. घरी बायकोने ती दोन बोटांत धरून विचारलं, धुऊ का? पोरगा किंचाळला. आता ती झिपलॉकच्या पिशवीत, त्याच्या कपाटात. वास मारते.

जूनमधलं माझं मत इथे जरा डळमळलं हे कबूल करतो.

उरलेलं काम शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी केलं. सत्तरी उलटलेली, डबा घरून आणणारे, आमच्यासारखेच. त्यांच्या टोपीला छोटा धातूचा बिल्ला, त्यावर 25. सलग पंचवीस वर्षं मेंबर राहिलं की मिळतो. एक वर्ष जरी सोडलं तर मोजणी पुन्हा एकपासून. मी म्हटलं ही तर सापळ्याची युक्ती झाली. ते म्हणाले, तू 2000 साली इथे नव्हतास.

मग गोष्ट सांगितली. 1999 च्या मोसमानंतर लीगने टीम कमी करताना साउथ सिडनीला, म्हणजे 1908 ची पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या क्लबला, बाहेर काढलं. लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर 2000 मध्ये ऐंशी हजारांच्या घरात माणसं सिडनीच्या टाउन हॉलपर्यंत चालत गेली. आजोबा साउथ्सचे कधीच नव्हते, त्यांचा मनापासून राग करतात. तरी गेले, आपल्या क्लबची जर्सी घालून. आज ते, उद्या आम्ही, म्हणून. 2001 मध्ये कोर्टाचा निकाल साउथ्सच्या बाजूने लागला आणि 2002 ला टीम परत मैदानात. पुढे 2006 मध्ये अभिनेता रसेल क्रो आणि त्याचा भागीदार साउथ्सचा 75 टक्के हिस्सा घ्यायला आले, तेव्हाही मेंबरांची मतं घ्यावी लागली. तीन चतुर्थांश लागणार होती, पडली 75.8 टक्के. उरलेला पाव हिस्सा मेंबरांकडेच राहिला. उत्तर सिडनीचा बेअर्स हा क्लब मात्र त्याच 1999 नंतर वरच्या लीगमध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा दिसलाच नाही. आता 2027 ला येतोय, तोही पर्थहून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून.

बिल्ल्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. क्लबच्या ईमेलमधल्या ‘कुटुंब’ या शब्दाने जे झालं नाही ते डब्यातलं सँडविच खाता खाता झालं. हे जोडून देण्यात क्लबचा वाटा एवढाच की खुर्च्या शेजारी होत्या. पण तेही कमी नाही. सुट्या तिकिटावर दर वेळी वेगळा शेजारी.

तर परत मंगळवार सकाळ. नऊ वाजता फोन लावला, भांडायच्या तयारीने, मुद्दे कागदावर लिहून. तीच हसणारी बाई. माझं नाव बघून म्हणाली, अच्छा, केळीचं पान! पैसे परत करते, चार दिवस लागतील. वाद नाही, फॉर्म नाही. तीन दिवसांत आले. कागदावरचे सात मुद्दे तसेच राहिले. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, मुलाची सलग वर्षं मोडायची का?

एक वस्तू तिने दाखवली जी वेबसाइटवर मला कधी दिसली नव्हती. फक्त मुलाची, बिनतिकिटाची मेंबरशिप, 35 डॉलर. त्याची मोजणी दोनवर जाते, माझी शून्यावर. मॅचला सुटी तिकिटं काढू, आजोबांच्या शेजारची मिळाली तर तीच. ऑटो रिन्यूअल बंद करून घेतलं, तसा ईमेलही मागून घेतला.

35 दिले. पॅकमध्ये काय असतं विचारलं तर म्हणाली टोपी, स्टिकर आणि लॅनयार्ड.